तिसऱ्या अंकातलं मरण

प्रिय दत्तू,

रविवारी तुझी शोकसभा आहे. "तो तिसऱ्या अंकाचा किस्सा सांगाच हं," असं आपल्या नाट्यमंडळाच्या पोरांनी मला बजावलंय. एवढी वर्षं तुझ्यासमोर रंगवून सांगितला, तेव्हा कधी अडखळलो नाही. आज तू नाहीस, तर तोंडच उघडवत नाही बघ!

आठवतं ना, पन्नासच्या दशकातलं आपलं मुलुंड? ऑफिस सुटलं की शाळेच्या पडवीत तालीम, चहा एक आणि बशा तीन! नाटकात दोन वैरी घराणी, त्यांतली चोरून लग्न केलेली पोरं. मी नायक, तू माझा वात्रट मित्र. पहिले दोन अंक तू लोकांना हसवून लोळवायचास. तिसऱ्यात मारामारी होते, मी सोडवायला मधे पडतो आणि माझ्याच हाताखालून तुला सुरा बसतो. तिथून हसणं संपलं. मी सूड घ्यायला धावतो आणि सगळ्यांचीच वाट लागते.

गणपतीतल्या प्रयोगाच्या दिवशी तू मला बाजूला घेतलंस. "वश्या, आज आई येतेय. दादा गेल्यापासून पहिल्यांदा घराबाहेर पडतेय रे. आजच्या दिवस मला नुसता जखमी कर ना!"

"वेडा झालास काय? तू मेला नाहीस तर मी सूड कशाचा घेऊ? नाटकच पुढे सरकायचं नाही!"

तुझा दादा तापानं गेला त्याला वर्षही झालं नव्हतं. तू काकूंना हसवायला आणत होतास, आणि मला पडली होती नाटकाची! किती शहाणा समजत होतो मी स्वतःला.

दोन अंक काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मग तू पडलास. बायकांच्या बाजूनं किंकाळी आली, "ऊठ रे माझ्या झिला! ऊठ!"

लोकांना वाटलं, काय हुबेहूब मेला! टाळ्या पडल्या. दरवेळी मी किस्सा इथंच संपवतो. आई ओरडली, तरी पठ्ठ्या हलला नाही! लोक हसतात. तूही हसायचास.

खोटं आहे रे ते. तू उठत होतास. तुझ्यावर ओणवा होऊन मी रडत होतो ना, तेव्हा दोन्ही हातांनी तुझी छाती दाबून धरली होती. "हलू नकोस दत्तू, अंक पडेल," असं कानात म्हणालो. तुझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी बाहीनं पुसलं. त्यावरही टाळ्या!

पडदा पडताच तू तोंडावरच्या रंगासकट आईकडे धावलास. काकू पुन्हा कधी नाटकाला आल्या नाहीत, आणि तूही पुन्हा रंग लावला नाहीस. "ऑफिसात काम वाढलंय," म्हणालास. मला ते सोयीचं होतं, म्हणून खरं धरलं. एकदा तरी चार शिव्या हासडायच्या होत्यास! एवढा कसला रे चांगुलपणा?

रविवारी मी किस्सा सांगणार. पण तू हलला नाहीस, असं म्हणणार नाही. आईची हाक ऐकून दत्तू उठत होता, मी त्याला उठू दिलं नाही, एवढं सांगेन आणि खाली बसेन. तुझी मुलं समोरच असतील. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं तरी चालेल.

तुझाच,
वश्या