हातात मावणारा पडदा

नंदनवन, नागपूर
८ सप्टेंबर २०२४

प्रिय ताईस,
रजतचा स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या आश्रमशाळेच्या गावात टॉवर उभा होत नाही तोवर मला कागद-पेन घेऊन बसावं लागणार, आणि माझं अक्षर सुधारणार. तू इतकी वर्षं मारून जे झालं नाही ते असं होऊन राहिलं. आई बरी आहे. गुडघे तसेच, बोलणंही तसंच.

आता खरी बातमी. टीव्हीला जोडायचा मोठा गेम मी विकला. ऑफिसातला दुर्गेश घेऊन गेला. आई खूश, तिला वाटलं पोराचं वेड गेलं. वेड गेलं नाही, फक्त हातात आलं. मी एक हँडहेल्ड घेतला. तळहाताएवढा पडदा, दोन्ही बाजूंना अंगठ्यांपुरती बटणं, बस.

एवढ्याशा डबीत काय ठेवलं आहे, असं तू विचारशीलच. टीव्हीसमोर आपण पाहुण्यासारखे बसतो, घर गेमचं असतं. हा मात्र आपल्या मांडीवर येऊन बसतो. आईनं हाक मारली की बटण दाबायचं, घोडेस्वार उडी मारता मारता हवेतच थांबतो. बाजारातून सांभाराची जुडी घेऊन परत आलो तरी बिचारा तिथेच लटकलेला. आणि मुख्य म्हणजे सगळा पडदा एका नजरेत मावतो. मोठ्या टीव्हीवरचे गेम आजकाल फार लबाडीनं बनवतात ताई. शत्रू कोपऱ्यातून येतो, आणि दिसायच्या आत आपण मेलो. दुर्गेश म्हणे, भाऊ, कोपऱ्यात लाल खूण येते ना आधी. मला काही ती दिसली नाही. लहान पडद्यावर असली लबाडी चालत नाही.

गाड्यांच्या शर्यती मात्र सोडल्या, कंटाळा आला. आता एक शेतीचा गेम खेळतो. भोपळे लावायचे, पाणी द्यायचं, नदीवर जाऊन मासे धरायचे. कोणी अंगावर येत नाही. आपल्या लहानपणी बाबांनी सीताबर्डीवरून आणलेला तो राखाडी ब्रिक गेम आठवतो का? पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून आपण भर उन्हात गच्चीवर बसायचो, आणि वीट आडवी घालायची की उभी यावरून भांडायचो.

स्कूटर सध्या काढत नाही. मनीषनगरात ऑफिसखाली पार्किंगची फार कटकट असते. बसनं जातो, तेवढाच गेम होतो.

रागव, पण माया कमी करू नको.
तुझा
रजत

—

आश्रमशाळा, ता. भामरागड
१९ सप्टेंबर २०२४

चि. रजत यास,
ताईचे अ. उ. आ.

लेका, आईबद्दल दोन ओळी आणि डबीबद्दल दोन पानं! वर्गात असा निबंध आला असता तर मी पुन्हा लिहायला लावला असता. तरी तुझा तो हवेत लटकलेला घोडेस्वार मी पोरींना सांगितला. त्यांचं म्हणणं, खाली उतरवून द्या ना गुरुजी त्याला. इकडे बाईंनाही गुरुजीच म्हणतात. तेव्हा त्यांच्या वतीनं विनंती, त्याला उतरव.

माझं ठीक चाललं आहे. सहामाहीचे पेपर काढते आहे, मुख्याध्यापक रजेवर असल्यानं त्यांचंही काम माझ्याकडेच आहे.

पण तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एक गोष्ट घशाखाली उतरेना. शर्यतीचा तुला कंटाळा आला? जेवणाचं ताट गार करून त्या गाड्या पळवणारा तू. आणि पार्किंगची कटकट? अरे, पानठेल्याच्या फळीखालीसुद्धा तू स्कूटर घुसवायचास. कुठे पडलास का? कोणाला धडक दिलीस का? काहून अर्धं लिहितो गा? इथून मला तुझं तोंड दिसत नाही. कागदावर आहे तेवढंच माझ्यापर्यंत येतं, म्हणून पुरतं लिहीत जा.

आईला जपून ठेव, आणि स्वतःला तिच्याहून जास्त.
तुझी
उन्नती

—

नंदनवन
२७ सप्टेंबर २०२४

चि. उन्नतीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

बाई, रजत ऑफिसले गेला म्हणून बसली लिहायले. त्याले सांगू नको. फोन तुयाकडं लागत नाही, अन् लागला तरी हा घरातच असते, बोलू कशी?

याचं काहीतरी बिघडलं आहे वं. चालता चालता दाराच्या चौकटीले धडकते. चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवून देते, दोन फुटले. जिना उतरताना आधी पायानं पायरी चाचपते, मंग पाय टाकते. एक दिवस मले वाटलं पिऊन आला. मी जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला, तर हसाले लागला. हसला खरा, पण डोये भरले होते त्याचे. स्कूटर त्यानं गल्लीतल्या ताराचंदच्या हातगाडीले ठोकली, तवापासून झाकून ठेवली आहे.

मी म्हणते ते गेमनंच डोये गेले. तो म्हणते, आई, गेममधलं तर मले सगळं दिसते. मंग मी काय बोलू? पण एक गोष्ट मनातून जाऊन नाही राहिली. तुमचे आजोबा, रामाजी, शेवटी शेवटी असेच पायानं चाचपत चालत. आम्ही म्हणलो म्हातारपण आलं. कोणी दवाखान्यात नेलंच नाही. रजत तर आता कुठं चौतीसचा झाला.

तू मोठी आहेस, तुयं तो ऐकते. जेवत जाय येळेवर.
तुयी
आई

—

आश्रमशाळा, ता. भामरागड
७ ऑक्टोबर २०२४

चि. रजत यास,
अ. उ. आ.

ताराचंदच्या हातगाडीचं मला कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि जिनं सांगितलं तिच्यावर चिडूही नकोस.

मला आज शिकवता आलं नाही. पोरांना चित्रं काढायला लावून मी खिडकीत बसून राहिले. डोळ्यांसमोर आजोबाच येत होते. लहानपणी आपण त्यांच्या बाजूनं हळूच जायचो, त्यांना कळायचं नाही, आणि आपल्याला वाटायचं आपण फार हुशार आहोत.

रजत, तुला बाजूचं दिसत नाही का? मला खरं सांग. माझ्याजवळ सांगवत नसेल तर सांगू नकोस, पण डॉक्टरांना सांग. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आईला घेऊन जाशील, तिथल्या गर्दीत तिचा हात सोडू नकोस. तिच्यासाठी नाही, तुझ्यासाठी सांगते.

उत्तराची वाट पाहणारी,
ताई

—

नंदनवन, नागपूर
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताईस,
स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र दसऱ्यानंतर आलं. आईचा हात मी सोडला होता.

दीक्षाभूमीवर दरवर्षीसारखीच गर्दी. आई पुस्तकांच्या दुकानापाशी थांबली, मी पाणी आणायला निघालो. लोक शिदोऱ्या सोडून जमिनीवर बसले होते. मला समोरचा घुमट स्वच्छ दिसत होता, रांग दिसत होती. खाली बसलेलं माणूस दिसलं नाही. एका म्हातारीच्या हातावर माझा पाय पडला. ती ओरडली, तिची भाकर मातीत गेली. तिचा मुलगा माझी कॉलर धरायला उठला. म्हातारीनं त्याला थांबवलं आणि मला विचारलं, दिसत नाही का बापू तुले? रागानं नाही, खरंच विचारलं. आणि ताई, जे मी तुला सांगितलं नाही, आईला नाही, स्वतःलाही नाही, ते तिला सांगितलं. नाही दिसत, म्हणालो. तिथेच मातीत बसून रडलो. भीमाबाई त्यांचं नाव, रामटेककडच्या. सुजलेल्या हातानं त्यांनी मला पाणी पाजलं, आणि आई येईपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. तिथली एक तपासणी ऐक. पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी ठेवायची, मधल्या ठिपक्याकडे पाहत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मनात म्हटलं, हा तर आपलाच खेळ आहे. मग बराच वेळ एकही दिवा लागला नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं. यंत्र चालूच होतं ताई. दिवे लागत होते. माझ्या कपाळाला घाम फुटला, अंदाजानं बटण दाबून टाकावं असं वाटलं, दोनदा दाबलंही. यंत्राला तेही कळतं. तपासणाऱ्या बाईंनी मऊ आवाजात सांगितलं की इथे जिंकायचं नसतं.

काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकत जाते, कडेकडून. डावीकडचं आणि खालचं बरंच गेलं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला थेंब आहेत, आणि एका डोळ्याचं ऑपरेशन लवकर करावं लागेल. गेममुळे झालं का, हे आईनं तीनदा विचारलं. तीनदा डॉक्टर नाही म्हणाल्या.

पण एका अर्थानं माझ्या डबीनं मला फसवलं, किंवा मीच तिला फसवायला लावलं. जग कडेनं गळत होतं आणि मी एवढासा पडदा समोर धरून म्हणत होतो, बघा, सगळं दिसतं. पडदा मोठा असता तर आधीच कळलं असतं. मोठा मी विकला तो काहून, हे आता तुला सांगायची गरज नाही.

आता माझं सोड. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, सख्खं भावंड आहे का. हे रक्तातून येतं. आजोबांना होतं, मला आहे. तू ताबडतोब तपासून घे. तुला काही त्रास नाही हे मला सांगू नकोस. मलाही काही त्रास नव्हता.

माझ्यावर माया असेल तर आधी रजा टाक.
तुझा
रजत

—

चंद्रपूर
२५ ऑक्टोबर २०२४

चि. रजत यास,
अ. उ. आ.

मी नंदिनीच्या घरी बसून लिहिते आहे. कॉलेजातली माझी मैत्रीण, तुला माहीत आहे. इथे फोन लागतो. दोनदा फोनमध्ये तुझं नाव काढलं आणि तसाच ठेवून दिला, म्हणून कागद मागून घेतला.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रागावले होते. तुझ्यावर नाही, रजेवर. पेपर तपासायचे होते, कोणी बदली नव्हतं. दोन दिवस मी स्वतःला सांगत होते की फळ्यावरची शेवटची ओळ मला दिसते. मग तुझं ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं, आणि सकाळच्या गाडीनं निघाले.

दाब वाढलेला आहे, दोन्ही डोळ्यांत. नस अजून चांगली आहे. काहीच गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी लोक येतच नाहीत, कारण त्यांना कळण्यासारखं काही नसतं, तुम्ही कशा आलात? भावानं पाठवलं, म्हटलं.

रोज थेंब घालायचे, जन्मभर. मी घालीन. पण मला लाज वाटते रजत, की तुझं गेलं म्हणून माझं राहिलं. हे तुला बोलून दाखवणार नव्हते. पण पुरतं लिहीत जा म्हणून तुला सांगणारी मीच ना.

सुट्टी लागली की थेट येते. ऑपरेशन मी आल्यावरच ठेवायला सांग. आईला माझं मी सांगीन.

तुझी, आणि आता तुझ्याच दुखण्याची,
ताई

—

नंदनवन, नागपूर
१ डिसेंबर २०२४

प्रिय ताईस,
स. जयभीम वि. वि.

तू गेल्यावर घर एकदम मोठं झालं. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातला दाब खाली आला आहे. आता तपासत राहायचं, एवढंच म्हणाल्या. भीती गेली असं लिहिणार नाही. सकाळी उठलो की आधी खिडकीच्या चारही कडा शोधतो. आहेत कालच्याएवढ्या असं वाटलं, की मग पाय खाली टाकतो. काही दिवशी वाटत नाही, आणि तो दिवस फार वाईट जातो. स्कूटर ताराचंदच्या जावयाला दिली. ऑफिसात दुर्गेश सोबत असतो, डाव्या बाजूनं.

गेम खेळायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. काल दुपारी तो हातात घेऊन बसलो होतो, समोर आई मेथीची जुडी सोडत होती. अगदी जवळ बसली होती, तर तिचं तोंडच तेवढं दिसत होतं. हात नाही, मेथी नाही. मी तिला म्हणालो, आई, जरा मागे बस. तिला वाईट वाटलं. तुयापासून दूर काहून बसू, असं काहीतरी पुटपुटली. मग मी समजावलं, की वस्तू दूर गेली की माझ्या नजरेत जास्त मावते. तिनं खुर्ची मागे सरकवली. आता? म्हणाली. मी म्हटलं, खांदे दिसले. आणखी सरकली. हात दिसले. गुडघे कुरकुरत होते तरी उठून तिनं खुर्ची पार दारापर्यंत नेली, आणि मी म्हटलं, बस, आता पूर्ण दिसून राहिली तू, पायातल्या चपलेपर्यंत.

तिथेच दारात बसून तिनं मेथी निवडली. मी पाहत बसलो. डबी चालू करायची राहूनच गेली.

दुरून का होईना, नजर असू दे.
तुझा
रजत