देवघरातली किल्ली

सोमवार, १० नोव्हेंबर. सणसर

शनिवारी इथं लिहिलं ते चुकीचं आहे. दादाच्या गाडीची बॅटरी उतरली ती तात्यांनी आतला दिवा चालू ठेवल्यामुळे नाही. तो दिवा आपोआप विझतो. आज बारामतीच्या मेकॅनिकने वायरी लावून गाडी सुरू केली आणि किल्ली कुठं ठेवता, असं विचारलं. देवघरात, म्हणाले मी. गाडी देवघराच्याच भिंतीपलीकडे उभी असते. तो हसला. "ताई, ही रिमोटची किल्ली जवळ आसली की तिच्या सिग्नलनं गाडी झोपतच न्हाय, बॅटरी खात ऱ्हाती. महिनाभर जागीच हाय ती."

दादा परदेशी गेला त्या दिवशी हळदकुंकू लावून किल्ली देवापुढं मीच ठेवली.

आणि दोष दिला चुलत्यांना, सगळ्यांसमोर. तात्या एवढंच म्हणाले, "आसंल बाई. आमाला काय कळतंय ह्यातलं. इथून पुढं मी न्हाय हात लावत गाडीला." घरात गाडी चालवता येते ती त्यांनाच. वहिनीला नववा लागलाय. अवेळी कळा सुरू झाल्या तर? ज्यांनी मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं, त्यांच्यावर मी काही न तपासता आळ घेतला.

मेकॅनिकचं बोलणं मी एकटीनंच ऐकलं. किल्ली गुपचूप माडीवर नेऊन ठेवलीये. कुणी विचारलं नाही. मग सांगायलाच हवं का? हवं. नाहीतर तात्या गाडीत बसायचे नाहीत.

एकट्या त्यांना सांगून भागणार नाही. उद्या ते दिवसभर लोणी देवकरला असतील. बुधवारी सकाळी, सगळे चहाला बसले की.