वन्संच्या जास्वंदीवरचा गोठा

वन्सं,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. (गुडघे वाकत नाहीत म्हणून कागदावरच ठेवते, मानून घ्या.) मोतीबिंदू काढलेला डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? डोळा चोळायचा नाही, बरं का. पत्र लेकीकडून वाचून घ्या. (लेकी, मधला मजकूर गाळायचा नाही, आणि जावईबापू घरात असतील तर जरा हळू वाच.) तिच्या गुलाबाची पानं चिकट होऊन मुरडलीत, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तिला सांगा, त्या गुलाबाला बोटसुद्धा लावू नकोस. का, ते येतंच आहे पुढे.

इकडे सगळं झकास. तुमची जास्वंद जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पट्टी बांधल्या डोळ्यानं गाडीत बसाल. निघताना दारात, शेजारणीच्या देखत म्हणाला होतात, "कळ्या धरल्यात. मी येईपर्यंत एक तरी फूल दाखव. तुझ्या हातचा निवडुंगसुद्धा बुडून मेलाय." शेजारीण फिदीफिदी हसली. ते हसू अजून माझ्या कानात आहे, वन्सं. (निवडुंग आणला तेव्हाच मलूल होता, पण जाऊ दे.) तेव्हाच मनाशी म्हटलं, आता हिला फूल तरी येईल, नाहीतर मी या घरात झाडाला हात लावणार नाही.

आणि बघा, तुमची पाठ वळते न वळते तोच कळ्यांच्या देठाशी हिरवे तीळ चिकटल्यासारखे दिसले. फुंकर मारली, तर तिळांना पाय! मी अशी किंचाळले की खिडकीशी कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलेले तुमचे बंधुराज डोळ्यातल्या भिंगासकट धावत आले. "मावा आहे," म्हणाले, आणि आत जाऊन चिमटा घेऊन आले. मी म्हटलं, अहो, साबणाचं पाणी मारू या, सगळी दुनिया तेच करते. पण उभा जन्म घड्याळाच्या पोटात काढलेला माणूस, त्यांना फवारणं म्हणजे अडाणीपणा वाटतो. एकेक मावा चिमट्यात धरून वाटीत टाकत बसले. लोकांची घड्याळं तशीच बंद. गिऱ्हाईक दारात आलं की "थांबा हो, हातात काम नाजूक आहे!" आणि त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपल्याच घड्याळाचं चाललंय.

मग एकदम चिमटा थांबला. "अगं, ही बाळंत होतेय!" मी भिंग लावलं. खरंच हो, वन्सं! ना अंडं, ना घरटं, सरळ पिल्लू! झालं की लगेच पाय टेकून उभं. आपल्या वेळा आठवल्या आणि हेवाच वाटला. (लेकी, हे जावईबापूंना नको वाचूस.) तुमच्या भावाचा हात काही पुढे होईना. "बाळंतिणीला चिमट्यात कसं धरू?" मी म्हटलं, नका धरू, तिचं उरकू द्या. तिचं उरकेपर्यंत शेजारची अडली. असं दोघांनी मायेनं वागून वागून पार देठ दिसेनासा झाला.

तेवढ्यात कुंडीवर मुंग्या चढताना दिसल्या. मला वाटलं, देवच पावला! ह्या चावऱ्या, ह्या खाऊन फस्त करतील. आणखी याव्यात म्हणून कुंडीत चिमूटभर साखर टाकली. आल्या की, रांगच लागली. मी कौतुकानं बघतेय, आणि हे भिंगातून बघून डोक्याला हात लावून बसलेले. "अगं, खात कुठे आहेत? पाठ थोपटतायत आणि रस पितायत. हे दूध काढणं चाललंय!" म्हणजे वन्सं, तुमच्या जास्वंदीवर मुंग्यांचा गोठा, आणि गवळणींना साखर देऊन बोलावणारी मी. हसून हसून माझ्या पोटात दुखलं, आणि मग शेजारणीचं ते हसू आठवून तोंड बंद झालं. एक कळी गळून खाली पडली होती.

नातीला फोन लावला. ती म्हणाली, "आजी, खोडाला चिकटपट्टी उलटी गुंडाळ, मुंग्या बंद होतील. आणि ते लाल, काळ्या ठिपक्यांचे किडे असतात ना, ते आण. ते मावा खातात." बसथांब्यामागच्या कुंपणावर ते असतात, हे मी भाजी आणताना बघून ठेवलेलं. बरणी घेऊन गेले. बसवाल्यानं माझ्यासाठी बस थांबवली, "आजी, चढताय ना?" मी म्हटलं, "थांब रे, एक हातात आलाय, दुसरा निसटला!" सगळी बस खिडक्यांतून बघत होती. बघू दे. घरी बरणी उघडली, तर निम्मे ट्यूबलाइटवर, एक उघड्या घड्याळात. (तो मात्र चिमट्यानंच निघाला.) थोडे जास्वंदीवर राहिले आणि जेवायला बसले.

मग काही दिवसांनी पानांवर भलतंच. काळी, काटेरी, इवल्याशा सुसरींसारखी ध्यानं! मी चप्पल उचलली. हे ओरडले, "थांब! तिच्या तोंडात काय आहे बघ!" तोंडात मावा होता, वन्सं. कचाकच चावत होती. ती आपल्या ठिपकेवाल्यांची पोरं! दिसायला आईबापांचं काही घेतलं नाही, पण खाणं असं की कुणाच्या लग्नात पाठवावीत. मी पुन्हा आजी झाले म्हणा ना! रोज सकाळी चहाआधी आम्ही दोघं भिंग घेऊन कुंडीशी. लग्नानंतर एवढं शेजारी शेजारी बसल्याचं मला आठवत नाही. आणि आज बघते तर झाडावर औषधाला मावा नाही. शेवटची कळी टम्म फुगलीय, टोकाशी लाल दिसतंय.

डोळ्याला जपा. तिकडच्या सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची,
निवडुंग बुडवणारी

ता. क. — तुम्ही रविवारी येताय ते कळलं. खुशाल या, फूल तोवर उमलेल. शेजारणीलाही बोलावून ठेवलंय.

ता. क. दुसरा — खरं सांगायचं ते राहिलंच. मावा संपल्यापासून पोरं उपाशी आहेत. सकाळपासून रिकाम्या पानांवर हिंडतायत, एकानं तर आपल्याच भावाला चावायला घेतलं. बंधुराजांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून लेकीच्या गुलाबाला हात लावू नका म्हटलं. येताना त्याची एक फांदी तोडून आणा, मावा चांगला भरगच्च बघून. गाडीत झटकू नका. मुंग्या मात्र तिकडेच ठेवा.