मायनं ओढून पाह्यलेला गुडघा

नागपूर, पौष वद्य पंचमी, सन १९३१

मायच्या पायावर कडूबाचं डोकं.

मी खुशाल हाय. भाकर येळेवर भेटते. फक्त दवाखान्यातल्या खाटेवर पडून पडून जीव नुसता तडफडून राह्यला.

दादानं लिहिलं का तू लोकायची हाडं बसवणं बंद केलं. काऊन? बैलायच्या शर्यतीत, शंकरपटात, छकड्यावरून पडलो तवा तू माहा सुजलेला गुडघा ओढून पाह्यला अन् म्हणली, घट्ट हाय, आत काही तुटलं नाही. येथच्या डॉक्टरनंही तसाच ओढला, त्यालेही घट्टच लागला. तो म्हणते, सुजेनं सांधा ताठरला हाय. हाडं बांधणारी आतली शीर तुटली का, हे सूज उतरल्यावरच समजते. मंग तुही चूक कायची? दारी आलेल्याले वापस पाठवू नको.

करदोड्यानं गुडघा दिवसातून दहादा मोजतो. दोन बोटं उतरला. बैलं चारा खातात ना?

तुहा कडूबा

रंगरावदादा, पुढचं मायले वाचून दाखवू नको. आज कूस बदलताना गुडघा ढिला पडून आपसूक समोर सरकला; आतली शीर तुटलीच हाय. शिवरात्रीच्या पटाले जोडी तूच हाक.