चारही कोपरे बांधलेला सांगाडा

प्रिय सूनबाई,

एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस. समोर बसलो की मी चहा आणि पंख्याच्या आवाजापलीकडे जात नाही, आणि तू 'बाबा, गोळी घेतलीत का?' एवढं विचारून मला गप्प करतेस. म्हणून हा कागद.

परवा आपल्या ऑफिसात मासे पाळायच्या त्या तरंगत्या सांगाड्याच्या मजबुतीचा तुझा हिशेब माझ्याकडे तपासायला आला. हिशेबात चारही कोपरे तू घट्ट बांधलेले! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अगं, नव्या मुलांना हे तूच शिकवतेस ना? पाणी खालून उचलतं, वजन वरून दाबतं, दोन्ही सारखं. सांगाडा हिशेबात भरकटू नये एवढ्यापुरताच तीन ठिकाणी धरायचा, तोही बेताने, आणि मग बघायचं, त्या आधारांवर भार शून्य येतोय ना. तुझ्या कोपऱ्यांवर टनांनी भार आला होता आणि मधल्या तुळया अगदी मजेत. समुद्रात ते कोपरे धरायला कुणी नसतं; लाट आली की मोडते ती मधली तुळईच. मी कुणाकडे बोललो नाही. फाइल तुझ्या टेबलावर ठेवली, तू दुरुस्तही केलीस.

पण तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. इतकी वर्षं तुझ्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती. पोरगा गेल्यापासून घराचेही तू तसेच चारही कोपरे बांधून ठेवलेयस. त्याचे बूट दाराशी, त्याचा टॉवेल दोरीवर, काही म्हणता काही हलू द्यायचं नाही. शेजारच्या काकू म्हणतात, 'सून असावी तर अशी.' मला त्या बाईचा राग येतो. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून तू बाथरूममध्ये नळ सोडून ठेवतेस. तरी ऐकू येतं गं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? दूरच्या बंदरातल्या गोदीने तुला नोकरीला बोलावलं आणि 'घरी सासरे एकटे आहेत' म्हणून तू नाही म्हणालीस, हे काल साहेबांनी सांगितलं. सासरे ठणठणीत आहेत! कुकर लावता येतो, करपलेलं निमूट खाता येतं. खोटं बोलणार नाही, तू गेलीस की घर खायला उठेल. मला फार जड जाईल. तरी साहेबांना म्हटलं, तिचा नकार एवढ्यात पुढे पाठवू नका, ती पुन्हा विचार करून सांगेल.

जा पोरी. त्या सकाळी तो निघाला तेव्हा मी अंघोळीला होतो, फक्त दार लागल्याचा आवाज आला. दुपारी अपघाताची बातमी. तुला सोडायला मात्र मला स्टेशनवर यायचंय. नको नको म्हणालीस तरी तुझी बॅग उचलायचीय, खिडकीशी उभं राहून 'पोचलीस की फोन कर' असं दोनदा सांगायचंय आणि मग घरी येऊन वाट बघत बसायचंय. माझ्या दोन लेकरांतल्या एकाचा तरी पोचल्याचा फोन येऊ दे.

तुझेच,
बाबा