न चाखता केलेली आमटी

आई, परवा आपल्या स्वयंपाकघरात सिनेमावाले आले होते. बालाजी घाटाकडच्या आपल्या गल्लीत गाडी शिरत नाही, सगळं सामान डोक्यावरून आणलं बिचाऱ्यांनी. नायिका श्राद्धाचा स्वयंपाक करणारी बाई आहे, म्हणजे तू नि मी, असं दिग्दर्शकानं सांगितलं तेव्हा मला हसूच फुटलं. आजवर सिनेमात बनारसचे घाट पाहिले, गुरुजी पाहिले. पण महाराष्ट्रातून आलेली माणसं पिंड देऊन परततात तेव्हा पानं तयार ठेवायला आत कुणीतरी पहाटेपासून उभं असतं, हे कुणी दाखवलं नव्हतं.

दाखवलं ते असं. गॅस झाकून चूल मांडली. धूर कमी पडला म्हणून यंत्रातून सोडला. नायिका झालेली पोरगी गोड होती, मोकळ्या केसांनी खीर ढवळत होती आणि टपटप रडत होती. मला बाबांचं पहिलं वर्षश्राद्ध आठवलं. मी अशीच खिरीशी उभी, डोळे भरलेले, आणि तू मागून म्हणालीस, "रडायचं तर अंगणात जा. खिरीत पाणी नको." किती राग आला होता तुझा! स्वतः मात्र वडे तळत राहिलीस, ओल्या साडीत.

मग त्या पोरीनं आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखला. मी ओरडलेच, "अगं, थांब! श्राद्धाचं आधी चाखत नाहीत!"

दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "अम्मा, फिर पब्लिक को कैसे पता चलेगा कि खाना अच्छा बना है?"

आपल्याकडे कळतच नाही कुणाला. करणारीनं चाखायचं नाही, आणि जेवणाऱ्यांनी पानावर बसून बरं-वाईट बोलायचं नाही. तू सगळं नाकानं करायचीस. उकळत्या आमटीवर वाकून म्हणायचीस, "चिमूटभर मीठ हवंय." मला कधी शिकवलं नाहीस; तुझ्या शेजारी वाकून वाकून माझंच नाक शिकलं. त्या साथीच्या तापात ते गेलं, आई. फोडणी करपली तरी कळत नाही. पण हाताला माप ठाऊक आहे, या भरवशावर रेटत होते.

परवाची आमटी माझीच होती, नेहमीच्या मापाची. पोरीनं पुन्हा चाखली, डोळे मिटले, "वाह, अम्मा!" म्हणाली. कॅमेरा थांबला तशी कुणाकडून तरी बाटली घेऊन घटाघटा पाणी प्यायली. माझी सून दारात उभी होती. तिनं वाटीत थोडी घेऊन चाखली.

"आई, नमक दोनदा घातलंत का?"

"छे गं. नेहमीइतकंच."

"बहुत खारट झालीय. तुम्ही बघा ना."

हे काही श्राद्धाचं नव्हतं, म्हणून मी चाखली. आणि मला ती बेताची लागली. अगदी हवी तशी. म्हणजे नाकाबरोबर जीभही गेलेली आणि हातही चुकू लागलेला, त्याचीच धास्ती बसली बघ. हल्ली आमटीच्या वाट्या भरलेल्या उरत होत्या, माणसं पाणी मागत होती. मी आपली म्हणत होते, बनारसचा उन्हाळा! कोण बोलणार? बापाच्या श्राद्धाला बसलेला माणूस मीठ जास्त झालंय म्हणतो होय?

उद्या साताऱ्याची एक मुलगी वडिलांचं श्राद्ध करवणार आहे. फोनवर मुद्दाम म्हणाली होती, "काकू, बाबांना आमटी फार आवडायची. आमटी तेवढी छान करा." तिचा आवाज काल दिवसभर कानात होता. आज रात्री जेवताना मी सुनेला सगळं सांगितलं, नाकाचंही. तिनं ताट बाजूला सारलं. "मग कालपर्यंत एकट्याच का करत बसलात? उद्या मी शाळेत छुट्टी टाकते. वास मी घेईन, मीठ मी घालीन. तुम्ही फक्त पुढे काय ते सांगा."

सिनेमात इथं सासू पदर डोळ्याला लावते, पळी सुनेच्या हातात देते, मागे सनई वाजते. मला तसलं काही झालं नाही. तुला आवडायचं नाही हे, पण तुझ्यापर्यंत कागद पोचायचा नाही म्हणूनच लिहिते आहे: उद्या मला पाट टाकून बसायला मिळणार, याचाच मला आनंद झाला.