सिस्टर, चाक रुतलं

९ फेब्रु.
निघालो एकदाचे नांदुऱ्याहून! प्र. (प्रल्हादराव, तीन महिन्यांपासून माझे यजमान) पहाटेपासून गाडीभोवती घिरट्या घालत होते. एस.टी.त मेकॅनिक होते. शाळेची जुनी व्हॅन घेऊन आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं स्वतः बसवलं. पडदे मी शिवले.

निघताना रोहिणीला फोन केला. उचलला नाही. लग्नापासून पोरगी बोलत नाही. "या वयात काय गरज होती, आई?" एवढं म्हणाली ते शेवटचं. तिचे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. असो.

राजूर घाटात थांबलो. काळा चहा, दूध घरीच राहिलं. खाली मोताळ्याकडचा सगळा मुलूख उन्हात पसरलेला. प्र. कप हातात धरून बघत बसले. बरं वाटलं.

१० फेब्रु.
खडकपूर्णा धरण. पाणी बरंच मागे हटलंय, काठाला रेतीच्या टेकड्या. चपला काढून चढले. वर नुसता वारा, आणि समोर पाणीच पाणी. उतरताना सरळ बसले आणि घसरत खाली! साठीची बाई!

प्र. खालून ओरडून राह्यले, "सिस्टर, हळू! हाडं मोडतीन!"

दवाखान्यात मी नर्स होते, सगळे सिस्टर म्हणायचे, यांच्या तोंडातून ते अजून जात नाही. माझीही जीभ 'अहो' म्हणायला अडते. 'ऐका ना'वर भागवते.

पाण्याजवळ लावू म्हणून गाडी पुढे घेतली. मागचं चाक अर्धं रेतीत. जेवढं काढावं तेवढं खोल. इथंच मुक्काम. खिचडी.

११ फेब्रु.
सकाळी मासे धरणारं एक जोडपं आलं. चाकाखाली पोती, फळ्या घातल्या, आम्ही तिघं मागून लोटत होतो, प्र. स्टेअरिंगवर. "सिस्टर, बाजूले सरका!"

बाई मला म्हणाली, "भाऊ लई जपते वो तुम्हाले. लहान का मोठा?"

काय सांगावं?

प्र.नी खिडकीतून डोकं काढलं. "भाऊ नाई वो बाई! बायको हाये माही!" अख्ख्या धरणाला ऐकू गेलं असेल. बाई पोटाला धरून हसत रेतीतच बसली. मग मीही.

तेवढ्यात गाडी उसळून बाहेर आली ती थेट पाण्याच्या दिशेनं. "अहो! ब्रेक!" निघालंच तोंडातून.

दुपारी त्यांच्याकडचं मासोळीचं कालवण, ज्वारीची भाकर. बाईनं आमचा फोटो काढला. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत रेतीचे.

१२ फेब्रु.
लोणार. वरच्या काठावरून पाहिलं. गोल झाडी, मधे हिरवट पाणी. लहानपणी शाळेची सहल आली होती, तेव्हा नुसती रांगेत चालले होते. आज तासभर बसले.

प्र. म्हणाले, "तो फोटो रोहिणीले धाडा."

"चिडली तं?"

"चिडू द्या. पोरगी तुमचा चेहरा तं पाहीन."

धाडला. तिनं पाहिला. उत्तर नाही.

१३ फेब्रु.
परतीला लागलो. चिखली सोडली, वाटेत अमडापूर, तिथंच रोहिणीचं सासर. ठरलं होतं, न थांबता जायचं.

आत्ता मेसेज आला. चार शब्द. "त्याईले तिखट चालते का?"

जेवायला या म्हणाली नाही. आई म्हणून हाकही नाही. प्र.नी गाडी बाजूला लावलीय. तीनदा वाचून दाखवायला लावलं, आता आरशात बघून केस विंचरून राह्यले. मी अजून उत्तर लिहून राह्यली.